घाटाखालचा पेशंट आणि डीनची खुर्ची

नांदुरा तालुक्यातल्या एखाद्या गावात रात्री कोणाला धाप लागली, तर पुढचा रस्ता घरच्यांना पाठ असतो. आधी नांदुऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, तिथून खामगावचे सामान्य रुग्णालय, आणि तिथेही जमले नाही तर अकोल्याचे ‘सर्वोपचार’. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण खरे, पण ते घाटावर. घाटाखालच्या माणसाचे पाय रेल्वेच्या आणि महामार्गाच्या सोयीने अकोल्याकडेच वळतात. ‘रेफर केलं’ हा शब्द इथल्या बोलीत इतका मुरला आहे, की त्याला मराठी प्रतिशब्द शोधायची गरज कोणाला वाटलेली नाही. या रस्त्याच्या शेवटी जे रुग्णालय आहे, ते २००२ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे आहे. म्हणजे नांदुऱ्याच्या अत्यवस्थ पेशंटला शेवटी हात लावणारा डॉक्टर एक तर विद्यार्थी असतो, नाहीतर शिक्षक. त्या सगळ्यांच्या वर एक खुर्ची असते, अधिष्ठात्याची. लोकांच्या भाषेत डीनसाहेबांची. त्या खुर्चीपर्यंत माणूस कसा पोहोचतो आणि पोहोचल्यावर नेमके काय करतो, हा विषय वरवर पाहता प्रशासकीय बदल्यांच्या यादीतला वाटतो. पण पेशंटच्या नशिबाशी त्याचा संबंध सर्जनच्या हाताइतकाच जवळचा आहे, आणि तो संबंध आपण फार कमी तपासतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी शिडी पाहू. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. मग एमडी किंवा एमएसची तीन. एक वर्ष सीनियर रेसिडेंट. नंतर सहायक प्राध्यापक म्हणून चार वर्षे, सहयोगी म्हणून तीन, आणि मग प्राध्यापक. अधिष्ठाता व्हायचे तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक मिळून किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली पाच तरी प्राध्यापकाची. कागदावर हा हिशेब बेचाळिशीच्या आसपास पूर्ण होतो. जागा, जाहिरात, मुलाखत आणि सेवाज्येष्ठता या चाळणीतून जाता जाता पन्नाशी उलटते. या दोन-अडीच दशकांत त्याची परीक्षा कशाकशाची होते? निदानाची, शस्त्रक्रियेची, शिकवण्याची, शोधनिबंधांच्या संख्येची. औषधखरेदीचा दरकरार कसा वाचायचा, परिचारिकांची ड्यूटी यादी कशी लावायची, ऑक्सिजनच्या टाकीत किती दिवसांचा साठा असावा, विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नाला उत्तर काय पाठवायचे, संपावर गेलेल्या रेसिडेंटांशी कसे बोलायचे, यातले काहीच त्याला कोणी शिकवलेले नसते. आणि खुर्चीवर बसल्याच्या पहिल्या दिवसापासून त्याचे काम मात्र हेच.

इथे सरळ वाटणारा एक आक्षेप येतो. मग ही कामे डॉक्टरला सांगायचीच कशाला? रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी घेतलेला माणूस बसवा, किंवा एखादा सनदी अधिकारी बसवा. डॉक्टरला त्याच्या पेशंटांकडे जाऊ द्या. या वादात अमेरिकेतला एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. अमांडा गुडॉल यांनी २०११ साली तिथल्या नामांकित रुग्णालयांची क्रमवारी तपासली. कर्करोग, पचनसंस्था आणि हृदयविकार या तिन्ही विभागांत, जिथे प्रमुखपदी डॉक्टर होता तिथले गुणवत्तेचे गुण व्यवस्थापक प्रमुख असलेल्या रुग्णालयांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी जास्त निघाले. आकडा मोहात पाडणारा आहे, पण त्यावर फार भार टाकू नये. डॉक्टर प्रमुख होता म्हणून रुग्णालय चांगले झाले, की चांगल्या रुग्णालयाला चांगला डॉक्टर प्रमुख म्हणून मिळाला, हे या अभ्यासातून ठरत नाही. खुद्द गुडॉल यांनीच तसे म्हटले आहे. शिवाय ती सगळी श्रीमंत, नावाजलेली रुग्णालये. अकोल्याच्या वॉर्डाला ते माप लावण्यापेक्षा आपल्याकडच्या तीन ठिकाणांकडे पाहिलेले बरे.

पहिले ठिकाण परळचे. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले, तेव्हा देणगीदारांची एक अट होती: अध्यापक भारतीय असावेत, आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची मोठ्या पदांवर मक्तेदारी असतानाचा तो काळ. भारतीय डॉक्टर पेशंट तपासू शकतो हे मान्य होते. तो संस्था चालवू शकतो हे मान्य नव्हते. डॉ. जीवराज मेहता पहिले डीन झाले आणि १९४२पर्यंत त्या पदावर राहिले. पुढे ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, पण माझ्या दृष्टीने त्यांची आधीची सोळा-सतरा वर्षे अधिक मोलाची आहेत. एकाच माणसाला एकाच संस्थेत इतका सलग काळ मिळाला, म्हणून शिक्षक निवडण्याची, वॉर्डात शिकवण्याची आणि संशोधनाची एक पद्धत बसली, आणि ती माणसे बदलल्यावरही टिकली. आज शासकीय महाविद्यालयांत कित्येकदा डीन ‘प्रभारी’ असतो, म्हणजे मूळ विभागाचे काम सांभाळून वरचा कार्यभार. बदलीचा आदेश केव्हा येईल ते त्याला ठाऊक नसते. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो पाच वर्षांनी फळ देणारे काम हाती कशाला घेईल? हा स्वभावाचा दोष नाही, साधा हिशेब आहे.

दुसरे ठिकाण शीवचे, आणि तिथे जरा थांबायला हवे. लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या शेजारी धारावी. तिथली कमी वजनाची, दिवस पूर्ण न भरलेली बाळे नवजात विभागात यायची आणि जंतुसंसर्गाने दगावायची. अशा वेळी विभागप्रमुखाकडून अपेक्षित उत्तर ठरलेले असते: आणखी यंत्रे हवीत, आणखी परिचारिका हव्यात, प्रस्ताव पाठवतो. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी उलट दिशेने विचार केला. शिरेतून दिले जाणारे द्रव, डब्याचे दूध, बाळाला हाताळणारे अनेक हात, हीच संसर्गाची दारे असतील तर ती बंद करायला पैसे लागत नाहीत. आईला विभागात आत घ्यायचे, बाळाचे करायला तिलाच शिकवायचे, आणि जिला दूध येत नाही तिच्या बाळाला दुसऱ्या आईचे दूध द्यायचे. यातून १९८९ साली शीवला मातृदुग्धपेढी उभी राहिली. ती आशियातली पहिली मानली जाते. पुढे डॉ. फर्नांडिस त्याच रुग्णालयाच्या डीन झाल्या. या घटनेतली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, इथे व्यवस्थापनाचा निर्णय आणि वैद्यकीय निर्णय वेगळे काढताच येत नाहीत. नातेवाईकांना वॉर्डात किती वेळ थांबू द्यायचे हा बाहेरून पाहणाऱ्याला शिस्तीचा प्रश्न वाटतो. आतून तो बाळाच्या जगण्या-मरण्याचा असतो. तो तसा आहे हे ओळखायला आजाराची उठबस माहीत असावी लागते. व्यवस्थापनाचा पदवीधर खाटा मोजू शकतो, रांग लहान करू शकतो, खरेदीतली गळती थांबवू शकतो, आणि त्याची गरज आहेच. पण कोणत्या गोष्टीला ‘प्रश्न’ म्हणायचे, हे ठरवायला डॉक्टरच लागतो.

तिसरे ठिकाण विदर्भातलेच, सेवाग्राम. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. त्या गांधीजींच्या डॉक्टर होत्या आणि केंद्रात आरोग्यमंत्रीही होऊन गेल्या होत्या. दिल्लीत राहून मोठी संस्था काढणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी खेडे निवडले आणि अभ्यासक्रमाची मांडणीच तिथून केली. नव्या विद्यार्थ्याचे पहिले काही दिवस आश्रमात, प्रत्येक तुकडीला एक दत्तक गाव, आणि त्या गावातली घरे वर्षानुवर्षे त्याच मुलांकडे. पुढे तिथल्याच कस्तुरबा रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक म्हणून डॉ. एस. पी. कलंत्री या मेडिसिनच्या प्राध्यापकाने स्वस्त जेनेरिक औषधांचा आग्रह धरला आणि तो रुग्णालयाच्या धोरणात उतरवला. चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहायचे की औषधाचे, या एका सवयीने शेतमजुराच्या घरचा महिन्याचा हिशेब बदलतो. हा बदल मंत्रालयातून परिपत्रक काढूनही करता येतो. परिपत्रके निघालीही आहेत. पण राउंड घेताना केस पेपर उलटून ‘हे ब्रँड कशाला लिहिलंस?’ असे विचारणारा वरिष्ठ नसेल, तर परिपत्रक फाइलीत राहते आणि चिठ्ठी पूर्वीसारखीच लिहिली जाते.

सेवाग्रामचे उदाहरण दिले की लगेच ऐकू येते, ती खास माणसे होती, ट्रस्टची संस्था होती; सरकारी डीनच्या हातात काय आहे? हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२३च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस पेशंट दगावले, त्यातली बारा नवजात बाळे होती. औषधटंचाई आणि अपुरे मनुष्यबळ यांची राज्यभर चर्चा झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. या मृत्यूंनंतर लगेच एका खासदाराने तिथल्या प्रभारी अधिष्ठात्याच्या हाती झाडू देऊन त्याला स्वच्छतागृह साफ करायला लावले, आणि त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ते दृश्य बारकाईने पाहण्यासारखे आहे. ज्याच्याकडे औषध विकत घेण्याचा पूर्ण अधिकार नाही, रिक्त पद भरण्याचा तर मुळीच नाही, त्याला उत्तरदायी मात्र संपूर्ण धरले गेले. खरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे, मग नव्या प्राधिकरणाकडे. नेमणुका लोकसेवा आयोगाकडे. बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. डीनकडे उरते ती सही. या स्थितीत ‘नेतृत्व’ हा शब्द उच्चारणे कोणाला थट्टा वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. अधिकार आणि जबाबदारी यांची ही फारकत मिटवल्याशिवाय चांगली माणसे या खुर्चीकडे फिरकणार नाहीत, हे मला पूर्ण मान्य आहे.

तरीही आक्षेप शेवटपर्यंत पोहोचत नाही. सगळे अधिकार वजा केले, तरी काही गोष्टी कोणत्याही डीनकडून काढून घेता येत नाहीत. प्राध्यापक सकाळच्या राउंडला स्वतः येतात की नाही. रात्री दगावलेल्या प्रत्येक पेशंटची चर्चा आठवड्यातून एकदा, कोणाला फाडून न खाता, होते की नाही. रेफर होऊन आलेल्या पेशंटचे पुढे काय झाले, हे पाठवणाऱ्या ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरला कधी कळवले जाते का? नांदुऱ्याच्या मेडिकल ऑफिसरने पाठवलेल्या चिठ्ठीचे उत्तर अकोल्याहून आले, तर पुढच्या वेळी तो अधिक लवकर किंवा अधिक विचारपूर्वक पाठवेल. त्या उत्तराला खर्च एका फोनचा आहे. आणि एक गोष्ट तर जवळपास कोणीच मोजत नाही: प्रबंध. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला प्रबंध सक्तीचा असतो. दरवर्षी प्रत्येक शिकवणाऱ्या रुग्णालयातून असे डझनावारी प्रबंध बाहेर पडतात आणि बहुतेक ग्रंथालयाच्या कपाटात जातात. ते कशावर असावेत याची दिशा संस्थाप्रमुख ठरवू शकतो. त्यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही. लागते ती संस्थेच्याच नैतिकता समितीची.

ही गोष्ट घाटाखालच्या मुलखात किती निकडीची आहे, ते २०२५च्या जानेवारीत दिसले. नांदुऱ्याला लागून असलेल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस अचानक गळू लागले. डोके खाजायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. आधी बुरशीचा संसर्ग म्हटले गेले, मग पाण्यावर संशय गेला, पाण्यात नायट्रेट सापडले, दिल्ली-चेन्नईची पथके येऊन रक्त, केस, माती, धान्याचे नमुने घेऊन गेली. रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले ते डॉ. हिंमतराव बावस्करांनी, जे महाडला दवाखाना चालवतात. आता कोणी म्हणेल, पाहा, कोणत्याही डीनशिवाय आणि महाविद्यालयाशिवाय एका खासगी डॉक्टरने धागा शोधला; मग संस्थांचे एवढे कौतुक कशाला? बावस्करांची कारकीर्द हा माझ्या युक्तिवादाला खरोखरच अडचणीचा दाखला आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना त्यांनी विंचूदंशाच्या पेशंटांच्या खाटेशी रात्र-रात्र बसून नोंदी केल्या, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले आणि कोकणातल्या खेड्यातून थेट ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. पण या दाखल्याचा अर्थ मी वेगळा लावतो. एका माणसाने नोकरी सांभाळून, स्वतःच्या हिमतीवर जे केले, ते करण्यासाठीच तर सरकार सामाजिक वैद्यकशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र असे तीन-तीन विभाग पगारासह पोसते. दूर महाडचा डॉक्टर धागा शोधत असताना ते विभाग मागे राहिले असतील, तर उणीव बुद्धीची नाही. ‘हा प्रश्न आपला आहे’ असे त्यांना सांगणाऱ्याची आहे.

केस परत उगवतात. मूत्रपिंड उगवत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावतीपासून बुलढाण्यापर्यंत पसरलेला आहे आणि जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या बाजूला किडनीच्या आजाराचे पेशंट गावागावांत सांगितले जातात. लोकांचे निदान ठाम आहे: खारे पाणी. ते खरे असेलही. पण आंध्रातल्या उद्दानममध्ये आणि श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात पाण्यावरच ठपका ठेवून वर्षे गेली, तरी कारण निर्विवादपणे ठरलेले नाही. मध्य अमेरिकेत ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी होतात तेव्हा संशय उन्हात, पाणी न पिता केलेल्या कष्टांवर जातो. आपल्याकडे कपाशीची फवारणी आहे, मे महिन्यातले ऊन आहे, अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्या आहेत, न तपासलेला मधुमेह आणि रक्तदाब आहे. यातले कशाचे किती, हे गावोगाव मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि तोवर पाण्याच्या टाक्या बांधणे हाही अर्धाच उपाय राहील. आंदोलनकर्त्यांना हे म्हणणे वेळकाढू वाटते, ते मी समजू शकतो. पाणी गोड मिळालेच पाहिजे, त्यासाठी कोणत्याही संशोधनाची वाट पाहायची गरज नाही. पण गोड पाणी आल्यावरही मूत्रपिंडाचा बिघाड दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढतच राहिले, तर विचारायचे कोणाला?

उत्तर आता जिल्ह्यातच असायला हवे. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात बुलढाणा होते. नव्या महाविद्यालयाचा पहिला डीन हा जुन्या महाविद्यालयाच्या पंधराव्या डीनसारखा नसतो. परळला जे झाले तेच पाहा, पहिल्या काही वर्षांत पडलेल्या सवयी पुढे पन्नास वर्षे सुटत नाहीत. इथे आणखी एक गाठ आहे. जिल्हा रुग्णालय आजवर सार्वजनिक आरोग्य विभागाचे आणि सिव्हिल सर्जनच्या ताब्यातले. महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. एकाच आवारात दोन विभाग, दोन साहेब, दोन हजेरीपत्रके. जुन्या डॉक्टरांना वाटते की शिक्षकमंडळी शिकवण्याच्या नावाखाली काम टाळतात. शिक्षकांना वाटते की जुनी मंडळी फक्त सह्या करतात. अध्यापकांच्या पात्रतेच्या २०२५च्या नियमांनी या भिंतीत एक दार पाडले आहे: मोठ्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षे काम केलेला पदव्युत्तर डॉक्टर आता सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. शिक्षणाचा दर्जा घसरेल अशी ओरड त्यावर झाली, आणि संशोधनाची सवय नसलेला शिक्षक ही खरी काळजी आहे. पण घाटाखालच्या आजारांची ओळख ज्याला आहे असा माणूस वर्गात येणे, हेही काही थोडे नाही.

वैद्यकीय शिक्षणाच्या इतर नियमांनी आणखी दोन गोष्टी हाताशी ठेवल्या आहेत. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यावी लागतात. सेवाग्रामला पन्नास वर्षे जे चालले त्याचीच ही देशव्यापी आवृत्ती म्हणायची. आणि पदव्युत्तर रेसिडेंटला जिल्हा पातळीच्या रुग्णालयात तीन महिने काढावे लागतात. दोन्हींचा फॉर्म भरण्यापुरता उपयोग करता येतो, आणि बहुतेक ठिकाणी तसाच होण्याची भीती आहे. पण समजा खारपाणपट्ट्यातली वीस गावे निवडली, दरवर्षीच्या तुकडीला त्यातलीच घरे दिली, आणि खामगावला येणाऱ्या रेसिडेंटाने त्या घरांतल्या मोठ्या माणसांचे क्रिएटिनिन तपासले. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणायचे तर बिघाड तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. एकदाच घेतलेल्या नमुन्याने काही ठरत नाही, कारण उन्हात राबून आलेल्या माणसाचे रक्त एका दिवसापुरतेही बिघडलेले दिसू शकते. म्हणजे पहिला नमुना घेणाऱ्या रेसिडेंटाची नेमणूक संपते नेमकी तेव्हा, जेव्हा दुसरा नमुना घ्यायची वेळ येते. तो आपले सामान बांधून गेलेला असतो. गावांची, घरांची आणि आकड्यांची ती वही त्याने कोणाकडे सोपवायची, आणि पुढच्या रेसिडेंटाने पहिल्याच सोमवारी ती कोणाकडून मागून घ्यायची, हे डीनच्या एका पानी आदेशाने ठरते.